शोधबुद्धीची शिस्त

रायपूर शहरातून धमतरीकडे, राजिमकडे अथवा तिल्डा-नेवऱ्याकडे जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याने निघावे. वस्ती विरळ होते न होते तोच भातगिरण्यांची धुराडी दिसू लागतात. छत्तीसगडास धानाचा कटोरा म्हणतात आणि ते सार्थ आहे. यांपैकी एखाद्या गिरणीत शिरून तेथील जुन्या मिस्त्रीस त्याची अडचण विचारली, तर तो बहुधा एकाच वाक्यात सांगेल: दाब वाढवला की कनकी वाढते, दाब कमी केला की धान तसेच राहते. कनकी म्हणजे तांदळाचा तुकडा, जिला आपण मराठीत कणी म्हणतो ती. धानावरील तूस घट्ट बसलेले असते, ते काढण्यास जोर लागतो. आतील दाणा मात्र ठिसूळ असतो, त्यास जोर सोसत नाही. शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ मिळावा असे सरकारी प्रमाण आहे. गिरणीचा नफा-तोटा या आकड्याच्या आसपास, दोन-तीन किलोंच्या अंतरात, ठरत असतो. म्हणजे मिस्त्रीने सांगितलेली अडचण ही केवळ यंत्राची नाही, ती धंद्याचीही आहे.

मग मिस्त्री काय करतो? तो दाब मध्यम ठेवतो. थोडी कनकी होऊ देतो, थोडे धान न सडलेले राहू देतो आणि दोन्हींपासून होणारे नुकसान सोसतो. यास आपण व्यवहारी शहाणपण म्हणतो. घरात, बाजारात, सभेत, सर्वत्र या शहाणपणाची वाहवा होते. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, माणसामाणसांतील तंट्यात मधला मार्ग कितीही श्रेयस्कर असला तरी यंत्राच्या आणि उद्योगाच्या प्रश्नात तोच शोधाचा सर्वांत मोठा शत्रू ठरतो. कारण मधला मार्ग सापडला की माणूस विचार करावयाचे थांबवितो. प्रश्न सुटलेला नसतो. त्याचे दुःख केवळ दोन बाजूंना वाटून दिलेले असते.

भातगिरणीचा हा प्रश्न मध्यम दाबाने सुटला नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. खेडोपाडी 'हलर' म्हणून जे यंत्र ओळखले जाते त्याचा मूळ नमुना एंगेलबर्ग नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये तयार केला. लोखंडी पेटीत कडा असलेला लोखंडी दंडगोल फिरतो; धान त्यावर, पात्यावर आणि परस्परांवर घासले जाते; तूस निघते, कोंडा निघतो, आणि पुष्कळ दाणेही मोडतात. तूस, कोंडा व कणी यांचे मिश्रण एकत्रच बाहेर पडते. या यंत्राचा दाब शंभर वेळा कमीजास्त केला तरी त्याचा स्वभाव बदलत नाही.

पुढे रबरी रोलांचा शेलर आला. यात रबराचे दोन रोल उलट दिशांनी फिरतात. पण एकाचा वेग दुसऱ्याहून सुमारे चौथ्या हिश्श्याने अधिक असतो. रोलांमधील फट दाण्याच्या जाडीहून किंचित कमी ठेवतात. दाणा फटीत सापडला की त्याची एक बाजू जलद ओढली जाते आणि दुसरी सावकाश. त्यामुळे तूस चिरडले न जाता सोलले जाते. येथे दाब वाढला नाही व घटलाही नाही. दाबाच्या जागी ओढ आली. शिवाय दाण्यास स्पर्श करणारा पृष्ठभाग मऊ झाला, परंतु त्यामागील रोल मात्र घट्टच राहिला. जे कठीणही हवे होते आणि मऊही हवे होते, ते जेथे कठीण हवे तेथे कठीण आणि जेथे मऊ हवे तेथे मऊ असे झाले. तूस व कोंडा वेगवेगळे मिळू लागल्यामुळे कोंड्यापासून तेल काढण्याचा धंदाही शक्य झाला. भातगिरणीची यंत्रे घडविण्याच्या कामी भिवंडीच्या दांडेकरांसारख्या मराठी कारखानदारांचा हात आहे, हे वाचकांस ऐकून बरे वाटेल.

आता प्रश्न असा की, अशी युक्ती सुचते कशी? आपल्या शाळांतून मुलांस जे सांगितले जाते ते असे: शोध लावणारा माणूस जन्मास यावा लागतो, त्याच्या डोक्यात एके दिवशी वीज चमकते, झाडावरून फळ पडते. या कथा मनोरंजक आहेत. परंतु त्यांचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम घातक आहे असे आम्हांस वाटते. ज्या मुलाच्या डोक्यात वीज चमकत नाही, आणि ती बहुतेकांच्या डोक्यात चमकत नाही, ते मूल शोध हा आपला प्रांत नव्हे असे समजून चुकते. पुढे तेच गिरणीत मिस्त्री होते, कारखान्यात पर्यवेक्षक होते, दुकानाचे मालक होते, आणि दाब मध्यम ठेवते.

या समजुतीस पद्धतशीर उत्तर देणारा माणूस सोव्हिएत रशियात निपजला. गेन्रिख आल्टशुलर हे त्याचे नाव. १९२६ साली ताश्कंद येथे जन्म, बालपण बाकू शहरात. दुसरे महायुद्ध संपल्यावर कॅस्पियन समुद्रावरील आरमारात शोधांच्या अर्जांची तपासणी करण्याचे काम या तरुणाकडे आले. रोज नवनवे अर्ज वाचता वाचता त्याच्या ध्यानात आले की, शोध वेगळे आहेत, शोधक वेगळे आहेत, उद्योगही वेगळे आहेत, पण युक्त्या त्याच त्याच आहेत. लोहाराने जी युक्ती वीस वर्षांपूर्वी केली तीच आज रसायनवाला नव्याने शोधीत आहे आणि त्यापायी वर्षे घालवीत आहे. या युक्त्या एकत्र करून शिकविल्या तर? १९४८ साली आल्टशुलर आणि त्याचा मित्र शापिरो यांनी देशातील शोधकार्याच्या दुरवस्थेविषयी थेट स्टालिनला पत्र लिहिले. फळ असे मिळाले की, १९५० साली दोघांस अटक झाली आणि आल्टशुलर उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे व्होर्कुता येथील बंदिवासात गेला. स्टालिनच्या मृत्यूनंतर, १९५४ साली, तो सुटला. १९५६ साली या दोघांचा शोधबुद्धीच्या मानसशास्त्रावरील पहिला निबंध मॉस्कोच्या एका मानसशास्त्रीय नियतकालिकात छापून आला.

१९५६ हे वर्ष रायपूरकरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी रायपुरात खाणकाम व धातुशास्त्राच्या शासकीय महाविद्यालयाची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली; आजची राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था ती हीच. शेजारी भिलाई येथे सोव्हिएत सहकार्याने पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि १९५९ च्या फेब्रुवारीत त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रशियातून भट्ट्या आल्या, आराखडे आले, अभियंते आले. त्याच देशात त्याच वेळी शोधाची रीत शिकविण्याची खटपट करणारा हा माणूस मात्र आपल्याकडे कित्येक दशके कोणास ठाऊकही नव्हता. यंत्र आणणे सोपे असते, विचाराची रीत आणणे अवघड, असे म्हणावे काय? निदान ती आणण्याची मागणी आपण केली नाही, एवढे खरे.

आल्टशुलरच्या सिद्धांतास रशियन आद्याक्षरांवरून 'ट्रीझ' म्हणतात. शोधविषयक प्रश्न सोडविण्याचा सिद्धांत, असा त्याचा अर्थ. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन लाख पेटंटे चाळली आणि त्यांतून खऱ्या अर्थाने नवी अशी सुमारे चाळीस हजार निवडून अभ्यासिली असे सांगतात. या अभ्यासाचे सार थोडक्यात असे की, प्रत्येक अवघड प्रश्नाच्या मुळाशी एक अंतर्विरोध असतो. एक गुण वाढवावयास जावे तर दुसरा बिघडतो. किंवा एकाच वस्तूस परस्परविरुद्ध दोन गुण हवे असतात. साधारण अभियंता तडजोड करतो. शोधक अंतर्विरोधच नाहीसा करतो. तो नाहीसा करण्याच्या युक्त्या आल्टशुलरने चाळीस मोजल्या. वस्तूचे तुकडे करा; जे नंतर करावयाचे ते आधीच करून ठेवा; क्रिया उलटी करा; अपायकारक गोष्टीसच कामास लावा; एक वस्तू दुसरीच्या पोटात ठेवा, अशा त्या युक्त्या आहेत. यंत्राचे एकोणचाळीस गुणधर्म उभे-आडवे मांडून कोणत्या विरोधास कोणती युक्ती लागू पडते याचे कोष्टकही त्याने बनविले. पुढे हे कोष्टक त्याचे त्यालाच अपुरे वाटले आणि त्याने ते बाजूस सारले. आजही शिकविणारे शिक्षक मात्र तेच कोष्टक पुढे करतात. कारण कोष्टक शिकविणे सोपे आणि अंतर्विरोध शोधावयास शिकविणे कठीण!

पुन्हा गिरणीकडे वळू. रायपूरकडे तांदळाचे दोन प्रकार मानतात, अरवा आणि उसना. उसना म्हणजे आपल्या कोकणात ज्यास उकडा म्हणतात तो. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग सडतात. ही रीत आपल्या देशात फार जुनी. ती कोणी शोधली हे कोणास ठाऊक नाही, पण तिच्यात आल्टशुलरच्या दोन युक्त्या एकत्र आलेल्या आहेत. गिरणीत जे तूस सोलावयाचे ते आधीच सैल करून ठेवावयाचे, ही पहिली. वाफवताना दाणा फुगतो आणि तूस आपोआप उकलते. म्हणजे सोलण्याचे काही काम धान स्वतःच करते. जो दाणा ठिसूळ होता तो वाफेने घट्ट होतो आणि कमी मोडतो, ही दुसरी. यंत्रास हात न लावता यंत्राचा प्रश्न अर्धा सुटला.

परंतु येथेच नवा अंतर्विरोध उभा राहतो. दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचावे म्हणून धान दोन-तीन दिवस हौदात भिजत ठेवीत. इतका वेळ ठेवले की ते आंबते आणि तांदळास वास येतो. वेळ कमी केला तर गाभा कोरडा राहतो. येथेही मधला मार्ग म्हणजे थोडासा वास आणि थोडासा कोरडा गाभा! म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने जी रीत रूढ केली तिच्यात पाणी पासष्ट ते सत्तर अंश सेल्सिअस इतके गरम ठेवतात. या उष्णतेत पाणी तीन-चार तासांत आत मुरते; आंबविणाऱ्या सूक्ष्मजंतूंस ती मानवत नाही; आणि स्टार्च शिजून दाणा फुटेल इतकी ती जास्तही नाही. वेळेचा प्रश्न वेळेत न शोधता उष्णतेत शोधला म्हणून तो सुटला. आणि हे पाणी तापविण्यास इंधन कोणते? गिरणीच्या मागे ज्याचे डोंगर साचत होते ते तूस. ज्याची विल्हेवाट लावण्याची पंचाईत होती तेच बाष्पकाच्या भट्टीत गेले. प्रश्नाचे साधन बहुधा प्रश्नाच्याच आवारात पडलेले असते, असे आल्टशुलरही सांगत असे.

शोधांचा इतिहास अशा साखळीनेच पुढे जातो. एक अंतर्विरोध सुटला की त्यातून दुसरा जन्मास येतो. रबर मऊ म्हणून दाणा वाचला, पण मऊ म्हणूनच रबर झिजू लागले. जलद फिरणारा रोल अधिक झिजतो, म्हणून गिरणीत दोन्ही रोलांची अदलाबदल करीत असतात. तुसाने इंधन दिले, पण वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी राख मागे ठेवली. या राखेत सिलिका विपुल असते. ती वाऱ्याने उडते आणि वस्तीत पसरते. त्या राखेचे काय करावयाचे हा आजचा प्रश्न आहे.

आल्टशुलरच्या आधी व बरोबरीने अमेरिकेतही या दिशेने प्रयत्न झाले. ऑस्बॉर्न या जाहिरातव्यवसायातील गृहस्थाने माणसांस एकत्र बसवून, टीका न करता, सुचेल ते बोलू द्यावे अशी रीत लोकप्रिय केली. आज प्रत्येक कचेरीत अशा बैठका होतात आणि त्यांत चहा पुष्कळ संपतो. येल विद्यापीठात १९५८ साली झालेल्या प्रयोगात मात्र असे दिसले की, तितकीच माणसे वेगवेगळी बसून विचार करतात तेव्हा त्यांच्या एकत्रित कल्पना अधिक भरतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील लॉरेन्स माइल्स याची रीत आम्हांस अधिक मोलाची वाटते. युद्धकाळात माल मिळेनासा झाला तेव्हा तो वस्तूचे नाव न विचारता तिचे काम विचारू लागला. 'हा खिळा कोठून आणू?' याऐवजी 'हा खिळा करतो काय?' हा त्याचा प्रश्न. नाव सोडून कामाकडे पाहिले की पर्याय दिसू लागतात. आपल्या घरातील गृहिणी हे रोज करते. तिला कोणी मूल्य-विश्लेषक म्हणत नाही, इतकेच.

यंत्रांसाठी घडविलेली ही रीत व्यापारधंद्यास लागू पडते काय, याविषयी मतभेद आहेत. दक्षिण कोरियातील सॅमसंग या उद्योगसमूहाने २००० सालच्या सुमारास रशियन तज्ज्ञ नेमून आपल्या अभियंत्यांस ट्रीझ शिकविले. परंतु तो प्रामुख्याने वस्तूंचा धंदा. विक्री, नोकरवर्ग, पुरवठा, भांडवल अशा प्रश्नांत चाळीस युक्त्यांची यादी घेऊन बसणारे सल्लागार आज पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या दाव्यांविषयी आम्ही साशंक आहोत. यंत्रात निसर्गनियम साक्षीदार असतो; रोल चुकीच्या वेगाने फिरविला तर कनकी लगेच दिसते. माणसांच्या व्यवहारात चूक दिसावयास वर्षे जातात आणि तोवर सल्लागार आपले शुल्क घेऊन निघून गेलेला असतो.

तथापि अंतर्विरोध शोधण्याची सवय धंद्यातही उपयोगी पडते, याचे एक उदाहरण मुंबईच्या गिरगावातले आहे. १९५९ च्या मार्चमध्ये सात गुजराती स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पुढे लिज्जत या नावाने तो उद्योग देशभर पसरला. त्यातील अडचण पाहा. पापड सर्वत्र एकाच चवीचा, एकाच प्रतीचा हवा. त्यासाठी काम एका छताखाली व्हावयास हवे. पण लाटणाऱ्या स्त्रियांस घर, मुले, स्वयंपाक सोडून दिवसभर कारखान्यात बसणे शक्य नव्हते. म्हणजे काम एकत्रही व्हावयास हवे आणि घरोघरीही. यावर मधला मार्ग, म्हणजे अर्धा दिवस कारखाना, हा सर्वांस गैरसोयीचा झाला असता. त्यांनी कामाचेच दोन तुकडे केले. ज्यावर चव अवलंबून ते पीठ मळणे एका ठिकाणी. ज्यास केवळ हात लागतो ते लाटणे घरी. आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देताना त्यांची तपासणी. या स्त्रियांनी आल्टशुलरचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. रीत एका माणसाने शोधून काढली म्हणजे ती त्याच्या मालकीची होत नाही. तो तिला नाव देतो आणि इतरांस शिकविता येईल अशी मांडतो. हेच त्याचे उपकार.

येथे आमच्या मनातील एक शंका मांडल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अंतर्विरोध मांडताना कोणाचे नुकसान हिशेबात धरावयाचे, हे कोणतेही कोष्टक सांगत नाही. हलर येण्यापूर्वी छत्तीसगडच्या खेड्यांत ढेंकीवर धान सडले जाई आणि ते काम बहुशः स्त्रियांचे होते. गिरणीने त्यांच्या पायांचे कष्ट वाचविले आणि त्याचबरोबर त्यांच्या हातची मजुरीही नेली. हातसडीच्या धंद्यास संरक्षण मिळावे हा हेतू मनात धरून १९५८ साली भातगिरणी उद्योगाच्या नियमनाचा कायदा करण्यात आला. १९९७ साली तो रद्द झाला. कायद्याने यंत्र रोखून धरणे हा तरी उपाय होता काय, याविषयी दुमत होईल. आमच्या मते नव्हता. परंतु 'दाणा मोडू नये आणि तूस निघावे' एवढाच प्रश्न मांडणाऱ्याने 'आणि सडणारीची मजुरी बुडू नये' हे तिसरे कलम प्रश्नात घातलेच नव्हते. जे कलम प्रश्नात नसते ते उत्तरातही येत नाही. गिरगावच्या स्त्रियांनी ते घातले होते, कारण प्रश्न त्यांनी स्वतः मांडला होता.

प्रश्न मांडणारा आणि त्याचे फळ घेणारा यांच्यातील अंतराची आणखी एक कथा रायपूरच्या बाजारातच रोज विकली जाते. तेथील कोणत्याही दुकानात एचएमटी तांदूळ मिळतो. बारीक, चवदार, मागणी असलेला. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे या अल्पशिक्षित शेतकऱ्याने निवडला. १९८३ साली पटेल ३ या वाणाच्या शेतात त्यांस काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. हजारो शेतकऱ्यांच्या शेतांत अशा लोंब्या निघत असतील आणि रासेत मिसळून जात असतील. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढच्या वर्षी पुन्हा निवडल्या, आणि हे सातत्याने चालविले. वेगळे करणे, तुलना करणे, पुन्हा पारखणे ही त्यांची शिस्त. वाणास नाव दिले ते त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार त्यांस राष्ट्रपती कलाम यांच्या हस्ते मिळाला. त्यांचा तांदूळ अनेक राज्यांत पिकला, पण त्या मानाने मोबदला मात्र त्यांच्या हाती आला नाही. जून २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणावर त्याचा हक्क मान्य करणारा कायदा आपल्या देशात २००१ साली झाला, म्हणजे दादाजींच्या लोंब्यांनंतर अठरा वर्षांनी.

आमचे म्हणणे यावरून दुहेरी होते. शोधाची रीत शिकविली पाहिजे. आणि शोध नोंदविण्याची रीतही तिच्याबरोबर शिकविली पाहिजे. पेटंट म्हणजे केवळ वकिलाचा कागद अशी आपली समजूत आहे. वास्तविक ते जगातील सर्वांत मोठे खुले ग्रंथालय आहे. शोधकास काही वर्षांची मक्तेदारी देऊन समाज त्याच्याकडून त्याची युक्ती लिहून घेतो. आणि हे लिखाण आज कोणासही संगणकावर विनामूल्य वाचता येते. आपल्या देशातील पेटंटांची नोंद १८५६ पासूनची आहे, आणि पहिले पेटंट कशाचे होते? पंखा ओढण्याच्या सुधारलेल्या यंत्राचे. साहेबाच्या डोक्यावरील पंखा दिवसभर ओढणाऱ्या माणसाचा विचार करीत हे पेटंट मुलांपुढे ठेवले, तर इतिहास, यंत्रशास्त्र आणि नीती यांचा एकत्र पाठ होईल.

रायपुरात जीई रोडवर नालंदा परिसर या नावाचे ग्रंथालय २०१८ पासून अहोरात्र उघडे असते. तेथे स्पर्धापरीक्षांची तयारी करणारे शेकडो तरुण बसलेले असतात. परीक्षेच्या प्रश्नास उत्तर ठरलेले असते आणि ते चार पर्यायांत दिलेलेही असते; त्या अभ्यासास आमचा विरोध नाही. परंतु अशा ग्रंथालयात, आणि खेड्यातील शाळेच्या कपाटातही, एक वही असावी असे आम्हांस सुचवावेसे वाटते. गावातील गिरणीवाला, सुतार, पंप दुरुस्त करणारा, भाजी विकणारी बाई यांच्याकडे विद्यार्थ्यांनी जावे, त्यांची अडचण ऐकावी आणि ती वहीत एकाच वाक्यात लिहावी: 'हे हवे म्हणून असे करावे लागते, पण तसे केले की ते बिघडते.' उत्तर लिहिण्याची घाई नको. हे वाक्य नीट लिहिणे हेच अर्धे काम आहे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. पहिल्या दहा प्रयत्नांत मुले अडचण लिहितील, अंतर्विरोध नव्हे. 'पंप जुना आहे' ही अडचण. 'पंप मोठा घेतला तर पाणी पुरते पण विहीर आटते' हा अंतर्विरोध. विज्ञानाच्या शिक्षकाने या दोहोंतील फरक दाखवून द्यावा. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, नवे पाठ्यपुस्तकही लागत नाही.

वहीच्या पहिल्या पानासाठी छत्तीसगडातील विद्यार्थ्यांस दूर जावयास नको. दरवर्षी नोव्हेंबरपासून सहकारी सोसायट्यांतून सरकार धान खरेदी करते. २०२३-२४ च्या हंगामात ही खरेदी एक कोटी चाळीस लाख टनांहून अधिक झाली. इतके धान गिरण्यांस एकदम दळता येत नाही, त्यामुळे त्यातील बरेचसे काही महिने उघड्या मैदानात थप्प्या लावून ताडपत्रीखाली राहते. ताडपत्री घट्ट बांधली की पावसापासून धान वाचते, पण आतील ओल बाहेर पडत नाही आणि धान तापून काळे पडते. ताडपत्री सैल ठेवली की ओल निघून जाते, पण अवकाळी पावसाची एक सर आली की खालच्या पोत्यांना कोंब फुटतात. म्हणजे झाकण बंदही हवे आणि उघडेही हवे. ते केव्हा बंद हवे, केव्हा उघडे. कोणत्या बाजूने बंद, कोणत्या बाजूने उघडे. पाण्याच्या थेंबास बंद आणि वाफेस उघडे असे काही मैदानातच, पोत्यातच, तुसातच सापडते काय?